मला पाऊस वाजतो

जुलैतल्या रविवारी मळवलीला लोकलमधून उतरलं की आधी पाऊस दिसतो, मग स्टेशन. भाज्याची लेणी, लोहगड, विसापूर हे सगळं त्या करड्या पडद्यामागे कुठेतरी असतं. असतं असं सांगतात, आणि पुण्याहून आलेली तरुण मंडळी त्या सांगण्यावर भरवसा ठेवून रंगीत रेनकोटांची लांबलचक रांग करून चालायला लागतात. माझं वय आता गड चढायचं राहिलं नाही, गडाच्या दिशेने बघत चहा प्यायचं झालं आहे. त्यामुळे स्टेशनाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, कणसं भाजणाऱ्या मावशींच्या बाकावर माझी जागा ठरलेली. त्या दिवशी माझ्या जागेवर एक उंच, गोरा, नखशिखांत भिजलेला माणूस बसला होता आणि मावशी त्याला इंग्रजीतून धीर देत होत्या. "सर, मोर रेन कमिंग. सिट, सिट. हॉट हॉट टी." मावशींचं इंग्रजी शाळेतलं नव्हे. शनिवार-रविवारच्या गिऱ्हाइकांकडून ते सुट्ट्या पैशांसारखं जमत गेलं आहे आणि त्या ते सुट्ट्या पैशांसारखंच खर्च करतात. मोजकं, नेमकं, समोरच्याला परत द्यायला पुरेल इतकंच.

माणूस निघाला चेक. चाकणच्या मोटारींच्या कारखान्यात काही महिन्यांच्या कामासाठी आलेला इंजिनिअर, राहायला तळेगावात. त्याला कुणीतरी लोहगड बघायला सांगितलं होतं आणि त्याने लोहगडाऐवजी ढगाचा आतला भाग बघितला होता. "आय ॲम हिअर सिन्स थ्री मन्थ्स," तो म्हणाला. मी म्हणालो, "आय ॲम हिअर सिन्स बर्थ." आणि आम्ही दोघांनी समाधानाने एकमेकांकडे बघून मान हलवली. इंग्रजीच्या कुठल्याही शिक्षकाने त्या दोन वाक्यांना मिळून अर्धा गुणसुद्धा दिला नसता. पण जे अजून चालू आहे त्याला 'झालेलं' का म्हणायचं, हे त्याच्या भाषेने त्याला शिकवलं नव्हतं आणि माझ्या भाषेने मला. मी जन्मापासून इथे आहे, तर आहे. तो तीन महिन्यांपासून आहे, तर आहे. इंग्रजीला मात्र ते 'आहे' पुरत नाही. तिला त्याच्या पाठीमागे जास्तीचं एक क्रियापद उभं करावं लागतं, लग्नात नवऱ्यामुलाच्या मागे मामा उभा करतात तसं.

मावशींनी विचारलं, "वन मोर टी?" तो मान डोलावत घाईघाईने म्हणाला, "नो, नो!" मावशींनी त्याचा ग्लास उचलला आणि विसळायला टाकला. तो त्या ग्लासाकडे असा बघत राहिला, जसं एखादं मूल सुटलेल्या फुग्याकडे बघतं. मग कपाळावर हात मारून त्याने मला उलगडून सांगितलं. चेक बोलण्यात 'नो' म्हणजे 'हं, हो, बरं का'. एरवी तो सांभाळून असायचा. पण भिजलेलं अंग, पोटात भूक आणि समोर आल्याचा वास, अशा वेळी तोंडातून मायबोलीच निसटते. मी मावशींना सांगितलं, "अहो, त्यांचं 'नो' म्हणजे 'हो'." मावशी जराही चकित झाल्या नाहीत. "म्हंजे आपलं 'हो ना'च की," म्हणाल्या आणि दुसरा चहा ओतला. मी चकित झालो. आपला 'ना' कुठे नकार देतो? ये ना, बस ना, घे ना, हो ना. आपला 'ना' म्हणजे समोरच्याच्या बाहीला हलकेच धरणं आहे. तोच 'ना' आपण इंग्रजीच्या शेपटीला बांधतो, "यू आर कमिंग, नो?" म्हणतो, आणि इंग्रज माणूस गोंधळतो, की हा बोलावतोय की हाकलतोय. त्या शेडपुरतं बोलायचं तर 'नो'चा अर्थ खरोखर 'नाही' असं मानणारं तिथे कुणीच नव्हतं.

पत्र्यावरचा आवाज वाढला. "इट इज रेनिंग," तो म्हणाला, आणि स्वतःशीच हसला. त्यांच्याकडे एवढं सगळं म्हणावं लागत नाही. 'पर्शी' म्हटलं की झालं. एकच शब्द, त्यात पाऊस पडतोय ही बातमी आली, पाडणारा कोण याची चौकशी नाही. आणि मला एकदम पाचवीचा वर्ग आठवला. कामशेतजवळच्या त्या शाळेत आमच्या सरांनी फळ्यावर हेच वाक्य लिहिलं होतं, आणि आमच्यातल्या एकाने विचारलं होतं, "सर, यातलं 'इट' म्हणजे कोण?" सर थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर तोच होता, धो धो. मग म्हणाले, "कुणी नाही. पण त्याच्यावाचून वाक्य उभं राहत नाही." मावळातल्या मुलांच्या गळी हे उतरणं कठीण होतं. आमच्याकडे पाऊस पडतो, येतो, लागतो, झोडपतो, रुसतो, उघडतो. जूनमध्ये दूरच्या काकासारखा येतो आणि चार महिने हलत नाही. ज्याने आमच्या शाळेची कौलं दरसाल सरकवली, त्याचं नाव बाजूला ठेवायचं आणि जो कुणीच नाही त्याला सगळं श्रेय द्यायचं, हा कुठला न्याय? मी वहीत लिहिलं, "रेन इज कमिंग." सरांनी त्यावर तांबड्या शाईची रेघ मारली. पन्नासहून जास्त वर्षांनी मावशी तेच वाक्य बोलल्या आणि मला परगावी आजोळचं माणूस भेटल्यासारखं झालं.

खरं तर सगळा घोळ या 'येण्या'चाच आहे. मराठीत पोहता येतं, स्वयंपाक येतो, पेटी येते, पाढे येतात. ज्ञान ही आपण करायची गोष्ट नाही, ते येतं. आपण आपलं घरात थांबायचं आणि दार ओढून घ्यायचं नाही. मी वर्गात उभा राहून प्रामाणिकपणे म्हणालो होतो, "सर, इंग्लिश इज नॉट कमिंग टू मी." वर्गात कुणीही हसलं नाही, कारण यात चुकलं काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सरांनी मात्र हसू दाबलं असणार. ते म्हणाले, "येईल. गाडीला उशीर होतो, पण येते." शाळेच्या खिडकीतून रूळ दिसायचे, म्हणून त्यांना गाडी सुचली असावी. पण मला ती उपमा जन्मभर पुरली. इंग्रजी मला कायम डेक्कन क्वीन वाटत आली. १९३० सालापासून या रुळांवरून जाणारी, लोणावळ्याला थांबणारी, आमच्या स्टेशनाकडे ढुंकूनही न बघता मानेला झटका देऊन पुढे जाणारी. आमच्याकडे थांबायची ती पॅसेंजर. दुधाचे कॅन दाराला टांगलेली, भाजीच्या पाट्यांनी भरलेली, कुणालाही चढू देणारी. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं असं सांगतात. आमच्या वाट्याला ते आलं ते कामशेतच्या गवळ्याच्या कॅनमधून, थोडं पाणी घातलेलं. पण पचलं. कदाचित पाण्यामुळेच पचलं असेल.

सर आम्हाला भाषांतराला वाक्यं द्यायचे. त्यांच्या हातात तर्खडकरांच्या पाठमालेची, कव्हर निखळलेली प्रत असायची, पण वाक्यं बऱ्याचदा ते स्वतःच रचायचे, आणि आज वाटतं, मुद्दाम खोडसाळपणे रचायचे. "दिवा लाव आणि दार लाव." आता यात काय कठीण आहे? मी लिहिलं, "पुट द लॅम्प अँड पुट द डोअर." तांबडी रेघ. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की एका लावण्याने उजेड होतो आणि दुसऱ्या लावण्याने बाहेरचा उजेड बंद होतो, आणि तरी घरात आईला हे लागोपाठ सांगताना कधी अडखळावं लागलं नव्हतं. मग मी त्या शब्दाच्या नादालाच लागलो. आपण कुंकू लावतो, झाड लावतो, गजर लावतो, रांग लावतो, शिस्त लावतो, कामाला नाट लावतो. इंग्रजीत प्रत्येकाला वेगळं क्रियापद, जसं श्रीमंताच्या घरी प्रत्येक कामाला वेगळा नोकर. आमच्याकडे एकच गडी सकाळी गोठा झाडतो, दुपारी दळण आणतो आणि रात्री आरतीला टाळही धरतो. माझ्या शेजारच्या मुलाने तर "अभ्यास करता करता माझा डोळा लागला" याचं "माय आय टच्ड" केलं होतं. कशाला, कुठे, हे काही नाही. तास संपताना मी सरांना विचारलं, जीव लावणं इंग्रजीत काय होईल? सर फळा पुसत होते. म्हणाले, "जीव त्यांच्यातही असतो. लावत नसतील." हे भाषाशास्त्र म्हणून चूक आहे हे मला आता कळतं. पण तेव्हा मला इंग्रजांची बरीच दया आली होती.

दया वाटायला आणखी एक कारण सापडलं ते पुष्कळ वर्षांनी. आमच्या चुकांवर तांबडी शाई पडली, त्यांच्या चुका नकाशात छापल्या गेल्या. लोणावळ्याचं त्यांनी लनौली केलं. 'ण' आणि 'ळ' ही या गावाच्या तोंडातली दोन दणकट दाढेची अक्षरं, ती त्यांनी पहिल्या फटक्यात काढून टाकली. खडकीचं किर्की केलं आणि ते त्यांच्या लढाईच्या इतिहासातही शिरलं, फलाटावरच्या पाटीवरही बसलं. खंडाळ्याच्या नागफणीला एका ड्यूकच्या नाकासारखं मानलं. सापाच्या फण्यात आपल्या सरदाराचं नाक दिसायला घरची किती आठवण येत असली पाहिजे. त्यांची फौज बोरघाट चढून आली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी तिला असं कोंडलं, की शरणागतीच्या तहावर सह्या कराव्या लागल्या. तो तह त्यांच्या पुस्तकांत 'वरगॉम'चा तह म्हणून आहे. हरलेल्या गावाचं स्पेलिंग तरी नीट लिहावं की नाही? पण मावळाने फिट्टंफाट केली. त्याच मोहिमेत कार्ल्याजवळ त्यांचा कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. मोठा देखणा आणि धाडसी असावा. मावळच्या माणसांनी शत्रू असूनही त्याला नाव दिलं इष्टुर फाकडा. 'फाकडा' ही पदवी मराठी, आणि 'इष्टुर' म्हणजे मावळी जिभेवरचा स्ट्युअर्ट. जी जीभ पुढे इस्टेशन आणि इष्टॉप म्हणणार होती, तिचा हा पहिला सराव. वडगावात त्याचं स्मारक आहे. मला वाटतं, आमच्या तालुक्यातली ही सर्वांत जुनी इंग्रजी चूक, आणि इतक्या प्रेमाने जपलेली दुसरी चूक मला माहीत नाही.

हे सगळं मी त्या चेक माणसाला सांगितलं नाही. त्याच्या कणसावर मावशी लिंबू चोळत होत्या आणि त्याचं लक्ष तिकडे होतं. त्याने मला वेगळीच देणगी दिली. मी विचारलं, भूक लागली हे तुमच्यात कसं म्हणतात? तो म्हणाला, आमच्याकडे भूक 'असते'. म्हणजे माणसाजवळ असते, खिशात किल्ली असावी तशी. इंग्रजीत माणूस स्वतःच सगळाच्या सगळा भुकेला होऊन जातो. आणि आपल्याकडे भूक लागते, वाटेत ठेच लागावी तशी. आपण आपले चाललेलो असतो, आपला काही दोष नसतो. मग मी विचारलं, थंडी? "ये मि झिमा." तो शब्द शब्द सोडवून सांगू लागला. आहे, मला, थंडी. 'मला'! मी बाकावरून जवळजवळ उठलोच. हा 'मला' मावळ सोडून इतक्या लांब कुणाच्या घरी नांदत असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांच्याकडेही विभक्त्या आहेत, त्यांनाही आपल्यासारखे नंबर आहेत, फक्त त्यांच्या सात आणि आपल्या संबोधन धरून आठ. मग त्याने त्याच्या शाळेतल्या चालीवर त्याच्या विभक्त्या म्हटल्या आणि मी माझ्या शाळेतल्या चालीवर 'स ला ते' सुरू केलं. दोन म्हातारपणाकडे झुकलेली माणसं आपापल्या मास्तरांना स्मरून प्रत्यय म्हणताहेत आणि मावशी निखाऱ्यावर वारा घालताहेत. मावशींना वाटलं, काही स्तोत्रबित्र चाललंय. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आणि तुमच्यात थंडी?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "मला थंडी वाजते." वाजते म्हणजे काय, हे सांगायला मी टेबलावर बोटाने टकटक केलं, मग मळवलीच्या फाटकाची घंटा हवेत वाजवून दाखवली. "लाइक बेल?" "लाइक बेल." तो थोडा वेळ गप्प बसून ऐकत राहिला. मीही ऐकू लागलो. आयुष्यभर हा शब्द वापरला, पण थंडी वाजते ती कुठे वाजते, दातांत की हाडांत की आणखी आत, हे कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. परक्या माणसाला आपली भाषा समजावून सांगताना आपल्याच घराच्या माळ्यावर चढल्यासारखं होतं. तिथे आपल्याच वस्तू असतात आणि एकही आपण ठेवलेली आठवत नाही. त्याने विचारलं, बस 'ती' का आणि ट्रक 'तो' का? दोन्ही शब्द इंग्रजीतून आलेले, तिथे त्यांना लिंगच नव्हतं. इथे उतरल्या उतरल्या बस बाई झाली, ट्रक बाप्या झाला, तिकीट बिचारं नपुंसक झालं, आणि चांद्यापासून बांद्यापर्यंत कुणाचाही मतभेद नाही. कसली समिती बसली नव्हती, अध्यादेश निघाला नव्हता. मी म्हणालो, ट्रकच्या मागे मिशा असल्यासारखं वाटतं म्हणून. त्याला ते पटलं. त्याने उलट मला सांगितलं, की ज्या कंपनीच्या मोटारी चाकणला तयार होतात, तिचं नाव एमिल श्कोदा या माणसाच्या आडनावावरून आलं, आणि चेकमध्ये 'श्कोदा' म्हणजे 'अरेरे', 'नुकसान झालं'. आडनावाला कोण अर्थ विचारतो? सहस्रबुद्ध्यांच्या घरी तरी कुठे हजार बुद्ध्या मोजून ठेवलेल्या असतात. पण तेव्हापासून द्रुतगती मार्गावर ती गाडी भरधाव जाताना दिसली, की मी मनातल्या मनात अरेरे म्हणतो.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघांनाही आली नाही, ती म्हणजे 'द'. त्याच्या भाषेत नाही, माझ्या भाषेत नाही. कुठे लावायचा, कुठे गाळायचा, याचे नियम मी पाठ केले, त्याने पाठ केले आणि दोघंही अंदाजाने टाकतो, आमटीत मीठ टाकावं तसे. मी त्याला म्हणालो, हा 'द' म्हणजे इथलं धुकं आहे. जो त्यात जन्मला त्याला ते दिसत नाही आणि पाहुण्याला त्याशिवाय काही दिसत नाही. आमच्याकडे त्याच्या बदल्यात 'च' आहे. एवढासा, पण एकदा बसला की हलत नाही. "आय ॲम फ्रॉम मावळ ओन्ली," असं आमचा माणूस म्हणतो तेव्हा तो काही मावळ सोडून दुसरीकडचा नाही अशी तक्रार करत नसतो. तो 'मावळचाच' म्हणत असतो. त्या 'च'मध्ये इंद्रायणी तांदळाच्या भाताचा वास असतो, तो 'ओन्ली'ला काही केल्या येत नाही. लोणावळ्यात तुंगार्लीच्या चढावर एक पाटी होती, 'बंगलो ऑन रेंट'. रंगाऱ्याने शेवटचं अक्षर जेमतेम कडेला बसवलं होतं, ते दोन पावसाळ्यांत धुऊन गेलं आणि राहिलं 'बंगलो ऑन रेन'. मालकाने ती तशीच ठेवली. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पिणाऱ्या गावात इतकी खरी जाहिरात दुसरी नव्हती.

पावणेपाचच्या सुमाराला लोकल आल्याची गडबड झाली. त्याने पैसे दिले, मावशींनी "थँक्यू दादा, कम अगेन" म्हटलं. दोन वाक्यांत 'सर'चा 'दादा' झाला होता हे त्याला कळलं नसेल. शेडच्या कडेला, जिथे पत्र्याची धार तोंडावर पडते, तिथे तो थांबला. वळून, शब्द जुळवत, घशात कुठे कुठे अडखळत म्हणाला, "मला पाऊस वाजतो." आणि उत्तराची वाट न बघता पळाला.

मी दुरुस्त करू शकलो असतो. हात करून थांबवता आलं असतं. पाऊस नाही, थंडी. पाऊस वाजत नाही, पडतो. पण डोक्यावर पत्रा ताडताड वाजत होता, आणि त्या क्षणी त्या वाक्यात नेमकं काय चुकलं होतं हे मला सांगता आलं नसतं. तांबडी शाई माझ्याजवळ नव्हती. असती तरी ती कशी धरायची हे ज्यांच्याकडून शिकलो त्या सरांनीही एकदा ती खाली ठेवली होती.

सातवीत असेन. सरांनी इंग्रजीत निबंध दिला होता, 'माझं गाव'. आम्ही सगळ्यांनी गाइडमधला उतरवला. त्यामुळे कामशेत, खडकाळे, कान्हे, नाणे या सगळ्या गावांना एकच नदी, एकच देऊळ आणि एकच मनमिळाऊ सरपंच मिळाले. वर्गात पवनेच्या खोऱ्यातला एक मुलगा होता. धरणात गाव गेलं म्हणून मामाकडे शिकायला राहिलेला. बोलायचा कमी, डबा एकटा खायचा. त्याने एकच ओळ लिहिली होती, "माय व्हिलेज ड्राउन्ड." सर बाकांमधून वह्या तपासत येत होते. त्याच्या वहीपाशी थांबले. मला बाजूने दिसत होतं. गावाच्या बुडण्यासाठी इंग्रजीत दुसरा शब्द आहे, लांबलचक, कागदपत्रांत शोभणारा. बुडून गुदमरून जाणं हे माणसाचं असतं. सरांना तो दुसरा शब्द येत होता. पेनाचं टोपण निघालेलं होतं, निब कागदापासून बोटभर वर होतं. बाहेरून एक मालगाडी गेली, तिचे डबे मोजून संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी टोपण लावलं, खिशातलं निळं पेन काढलं, ओळीखाली सही केली, तारीख घातली आणि पुढच्या बाकाकडे गेले.

पवनेच्या धरणात वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर येतं. पावसाळ्यात पुन्हा दिसत नाही.